बटण बंद होतं

बटण बंद होतं. शपथेवर सांगते.
मीच केलं होतं बंद, दारातून ओरडलेही,
"हर्षद, लाव आता बल्ब."
आणि हर्षद स्टुलावरून
थेट गव्हाच्या कोठीवर.

मनगटाला सहा आठवडे प्लास्टर.
दवाखान्यातून येताना रिक्षात म्हणाला,
"आई, बंद बटणातून वीज कुठून आली?"
मला विचारतोय.
अंबडच्या कंपनीत अकरा वर्षं
एमसीबी तपासणाऱ्या बाईला.

टेबल नंबर चार.
करंट वाढवायचा, खटका पडायची वाट बघायची.
खट्. पास. पुढचा.
दिवसाला नऊशे.
कुणाकुणाच्या घरच्या आगी
मी नऊ ते साडेपाच विझवत आले, लागायच्या आधीच.
आणि इथे पवननगरला, स्वतःच्या घरात,
चिनीमातीचा फ्यूज, त्यात सासऱ्यांनी पिळून बसवलेली
सायकलच्या आरीएवढी जाड तार:
"आता उडायचा नाही कधी."
खरंच उडाला नाही.

निकमकाका आले. एकलहऱ्याला तीस वर्षं काढलेली.
ते वीज म्हणत नाहीत, सप्लाय म्हणतात,
घरातलं कुणी गावाला गेलंय, येईलच, अशा आवाजात.
होल्डरला टेस्टर टेकवला. पेटला.
"फेज सरळ बल्बात सोडलाय, पोरी.
बटणात न्यूट्रल.
हे बटण दिवा विझवतं, वीज नाही."

ते वाक्य मी फडताळात ठेवून दिलं,
पुढेमागे लागेल म्हणून.

वायरमन खैरनारांनी आकडा सांगितला, मी चहा सांगितला.
शेवटी ठरलं: खोदाई, पाइप, तार ओढणं माझं,
जोडण्या ते तपासणार,
आणि मीटरच्या सीलला कुणीच हात लावायचा नाही.

शनिवारी कंपनीला सुट्टी. मेन स्विच खाली.
त्यावर हर्षदनं डाव्या हातानं लिहिलेला कागद:
आई आत आहे.
तरी दर वेळी टेस्टर,
आधी काकांच्या घरच्या चालू बोर्डात, मग आमच्याकडे.
टेस्टरसुद्धा मरतो, काका म्हणतात,
आणि मेलेला टेस्टर कायम चांगलीच बातमी देतो.

छिन्नी. धूळ. पोह्यांत सिमेंट.
जुन्या पट्ट्या उपटल्या:
काळ्या तारेत फेज, लाल तारेत न्यूट्रल,
आतल्या खोलीत दोन्ही पिवळ्या,
ज्यानं केलं त्याच्याकडे तेवढ्याच उरल्या असणार.
आणि हिरवी तार, अर्थिंगची,
बोर्डामागे नीट गुंडाळी करून ठेवलेली,
कशालाच जोडलेली नाही.
इतकी वर्षं इस्त्रीला वाटत होतं
आपल्यामागे कुणीतरी आहे.

ती गुंडाळी हातात घेऊन मी बराच वेळ बसले.

मग मागच्या बोळात खड्डा. मुरूम लागला, गडी बदलला.
पाइपाभोवती कोळसा, मीठ, कोळसा, मीठ,
लोणच्याला लावावा तसा थर.
काका वरून म्हणाले, "उन्हाळ्यात पाणी घालत जा."
हर्षद म्हणाला, "उगवेल काय?"

तार ओढताना तो एका हातानं ढकलायचा,
मी दुसऱ्या खोलीतून ओढायचे.
"आली?"
"नाही."
"आली?"
"थांब. आली."
भिंतीतून एवढं बोललो नव्हतो कधी.
भिंत नसतानाही नाही.

एमसीबी घ्यायला रविवार कारंज्यावर गेले.
दुकानदार म्हणाला, "मॅडम, टेस्टेड माल आहे."
मी खोका उलटा केला. शिक्का: चार.
सवलत मागायचा धीर झाला नाही.

खैरनारांनी सगळं उघडून पाहिलं,
गिझरचे दोन स्क्रू परत आवळले, बाकी बोलले नाहीत.
ते बोलत नाहीत म्हणजे बरं असतं.

काल प्लास्टर निघालं. हर्षद स्टुलावर,
मनगट अजून बारीक, पांढरं.
"बटण बंद?"
"बंद."
"नक्की?"
उत्तराची वाट न बघता
त्यानं खिशातून टेस्टर काढला,
होल्डरला टेकवला.
पेटला नाही. तरी क्षणभर थांबला,
टेबल चारवर मी थांबते तसा.

फडताळातलं ते वाक्य अजून तिथेच आहे.
लागलं नाही. असू दे.