शेवटचा मीटर

पहिल्या आठवड्यात मी फक्त एक चौकोन
डावीकडून उजवीकडे नेला.
शंभर फ्रेम, दोन टोकांना दोन की-फ्रेम,
मधलं सगळं यंत्राच्या अंगावर.
चौकोन निघाला तसाच पोचला.
वाटेत त्याला कुणी भेटलं नाही, दम लागला नाही.
इसाउरा बाई माझ्या खुर्चीमागे उभ्या राहून म्हणाल्या,
"यानारा, हा नेलाय. गेलेला नाही."

मग वक्ररेषा आल्या. त्यांची हँडलं ओढायची,
चढ कुठे निवळायचा, उतार कुठे धरायचा.
मग कोड. लूप, साइन, रँडम,
एक अर्धविराम विसरला की
अख्खं वाल्पाराइसो काळं.
मध्यरात्री दोन वाजता मी समुद्राला शिव्या द्यायचे,
चूक आकाशाच्या ओळीत असायची.

सत्राचा शेवटचा अभ्यास:
आपल्या गावातली एक हालचाल, आठ सेकंदांत.
मी आमच्या टेकडीची लिफ्ट घेतली.
उतारावरचे दोन लाकडी डबे, एकाच दोराला बांधलेले,
एक वर येतो म्हणून दुसरा खाली जातो.
पडद्यावर ते कपाटाच्या खणांसारखे यायचे,
खटकन. बंद.

तेव्हा वर गेले, यंत्राच्या खोलीत.
ग्रीस, रेडिओ, किटलीत गार झालेला चहा,
आणि म्हातारा एलेउतेरिओ, दांड्यावर हात ठेवून
खिडकीकडे पाठ करून बसलेला.
दोरावर पांढऱ्या रंगाची एक खूण आहे,
ती चाकावर आली की त्याचं मनगट जरासं
(कसं सांगू, झोपेत कूस बदलावी तसं)
आणि खाली कुठेतरी डबा टेकतो.
आवाजसुद्धा नाही.

विचारलं, किती सेकंद आधी? किती टक्के?
तो म्हणाला, "अकराच्या फेरीला ओल्गा बसायची,
मांडीवर तीस अंड्यांचा ट्रे.
तिच्या बेतानं थांबवायचो.
तिला जाऊन नऊ वर्षं झाली.
हाताला अजून कुणी कळवलेलं नाही."

दुपारभर घड्याळ लावून बसले.
शेवटचा मीटर: चार पूर्णांक दोन. चार पूर्णांक सहा.
तीन पूर्णांक नऊ, तेव्हा तो शिंकला होता.
शाळेची पोरं असली की तीन पूर्णांक एक,
"त्यांना हिसका आवडतो."
वहीचं पान भरलं, सरासरी काढली,
आणि सरासरीनं चालवलेला डबा
पुन्हा खणच निघाला.

म्हणून एका व्हेरिएबलचं नाव ठेवलं अंडी.
किंमत तीस.
अंडी जितकी जास्त तितकं थांबणं मऊ,
शिवाय थोडा नॉइज, शिंकेपुरता.
आठ सेकंद रेंडर व्हायला सहा तास लागले.
खोली भट्टीसारखी तापली,
आईनं दोनदा येऊन मीटर किती पळतोय ते सांगितलं.
इसाउरा बाई बराच वेळ बघत राहिल्या.
मग एवढंच म्हणाल्या, "नाव बदल, परीक्षकांना कळणार नाही."
मी नाही बदललं.

शनिवारी फोनवर म्हाताऱ्याला दाखवलं.
वारा इतका की दोघांनी मिळून फोन धरला.
त्यानं तीनदा पाहिलं, चश्म्याशिवाय,
चौथ्यांदा नाकाशी नेऊन.
"डब्यात कुणी नाहीये."
नाही, म्हटलं, माणसं काढता येत नाहीत मला अजून.
"मग इतकं जपून कुणाला उतरवतेयस?"
आणि दांड्याकडे वळला,
खालून घंटा झाली होती.

घरी येऊन अंडी शून्य केली.
डबा धाडकन येऊन आदळला, मीच दचकले.
पुन्हा तीस. मऊ, रिकामा.
जमा करायला वीस मिनिटं उरलेली,
माणूस शिकायला वीस मिनिटं पुरत नाहीत.
बाकावर एक ट्रे तेवढा काढला,
चौकोनच, वर गोल गोल,
आणि तीसचे एकोणतीस केले.
इतक्या वर्षांत एखादं तरी
फुटलंच असेल.