हातचा

ड्युलुथच्या कोर्टाचं तळघर.
हीटरच्या पाइपाखाली माझं टेबल.
पगार मिळतो तो माणसाचं दुखणं
सरकारला कळेल अशा भाषेत लिहिण्याचा.

डेल निस्कानेन आला,
टोपी काढून छातीशी धरली,
आणि बस म्हणेपर्यंत उभाच राहिला.
डावा गुडघा. फुप्फुसं. झोप.
शिवाय कानात एक शिटी,
दोन हजार सहाच्या जूनपासून न थांबलेली.
"कशासारखी?" मी विचारलं.
बराच वेळ तो पाइपाकडे बघत राहिला.
"किटली उतरवायला
घरात कुणीच नसल्यासारखी."
मी रकान्यात लिहिलं:
कर्णनाद, दोन्ही कान.

तपासणीच्या आदल्या दिवशी फोन करून बजावलं,
डॉक्टर 'कसा आहेस' म्हणेल
ती विचारपूस नसते, तो प्रश्न असतो.
रात्री तीनला जिन्यात बसून असतोस, ते सांग.
पोरीच्या वाढदिवसाला फुगा फुटला
आणि तू टेबलाखाली सापडलास, ते सांग.
"हो मॅडम."

तो गेला. इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी.
डॉक्टर म्हणाला, "कसं काय?"
आणि जुनी सवय बोलून गेली,
"मजेत, सर."

डॉक्टरनं गुडघ्याला कोनमापक लावला,
आपल्या कंपासपेटीतल्याचाच थोरला भाऊ.
म्हणाला, दुखायला लागेल तिथे थांब.
दुखायला लागल्यावर थांबायचं असतं
हे डेलला आजवर कुणी शिकवलंच नव्हतं.
त्यानं दात आवळले आणि गुडघा पुरता वाकवला.

गुडघा: शून्य टक्के.
सेवेतच निकामी झाला हे सरकारला मान्य,
पण शून्य.
फुप्फुसांसाठी पुरावा नाही.
अहवालाचं पहिलंच वाक्य:
रुग्ण मजेत असल्याचे सांगतो.

मग लारेडोहून टेरेसा किंटानियाचं पत्र आलं,
वहीच्या पानावर, पेन्सिलीनं.
"कचऱ्याच्या खड्ड्यापाशी आमचा दोघांचा पहारा.
टायर जळायचे, बॅटऱ्या, औषधं, एकदा अख्खा फ्रीज.
सकाळी थुंकी काळी पडायची.
निस्कानेन खोकत खोकत सगळ्यांची कॉफी करायचा.
कॉफी वाईट असायची."
शेवटचं वाक्य खोडू का, असं तिनं फोनवर विचारलं.
मी म्हटलं, राहू दे.

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी एक ओळ लिहून दिली:
या धुरानेच हा आजार झाला असण्याची शक्यता
निदान नसण्याइतकी तरी आहे.
या एका ओळीसाठी चौदा महिने.
यापेक्षा जास्त खात्री
मला माझ्या लग्नातही कुणी दिली नव्हती.

निकाल आला तेव्हा सरोवर गोठलं होतं.
झोप आणि मन पन्नास, फुप्फुसं तीस, कान दहा.
"नव्वद," डेल म्हणाला.
मी कागद ओढला.
शंभरातून पन्नास गेले, उरला अर्धा माणूस.
अर्ध्याचे तीस टक्के, पंधरा.
उरलेल्या पस्तिसाचे दहा टक्के, साडेतीन.
झाले साडेअडुसष्ट. सरकार धरणार सत्तर.
"आणि कान नसता तर?"
"पासष्ट. तरीही सत्तरच."
तो पहिल्यांदा मोठ्यानं हसला.
"म्हणजे शिटी फुकट."

फुकट नाही रे.
बेरजेत हातचा धरतात ना,
तसे ते दहा मी फायलीच्या कोपऱ्यात
पेन्सिलीनं धरून ठेवलेत.
पुढे आणखी काही मोडलं तर लागतील.
असं म्हणाले, आणि माझीच मला लाज वाटली.

तो टोपी घालून दारापर्यंत गेला.
बाहेर बाकावर पुढचा माणूस खोकत होता.
"डेल," मी म्हटलं, "कसा आहेस?"

त्यानं तोंड उघडलं.
मिटलं.
मग परत आला,
मी न सांगताच खुर्ची ओढली,
आणि डावा पाय
दुखेल तिथेच थांबवून
बसला.