चोवीस बिया

मरीन लाइन्सच्या बाजूला, कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर
डांबरगोळ्यांच्या वासात माझी एकोणीस वर्षं गेली.
काम सांगायला सोपं:
कुणी आणलेलं रानकेळ उभं चिरायचं,
चिकट गर कोमट पाण्यात सोडवायचा,
एकेक बी वर्नियरच्या जबड्यात धरायची
आणि वहीत मिलिमीटर मांडायचे.

गर तसा नावालाच.
वेलची केळ्याच्या आठवणीने चावाल
तर दाढ गमवाल.
खाली गेटपाशी बसणाऱ्या वसईच्या फिलोमिनाबाय
मला रोज दोन केळी देतात, एक कमी पिकलेलं.
त्यातही मधोमध काळे ठिपके असतात, बारीक.
त्या बियाच व्हायच्या होत्या.
मग माणसाला गोड हवं होतं.

जयवंती धोदडे, दुसरं वर्ष, राहणार आरे.
पिशवीत सागाच्या पानात बांधून दोन जातींची फळं.
एक मामाच्या गावचं, कड्यावरून काढलेलं,
एक पाड्यामागच्या नाल्याकाठचं.
मी म्हटलं, किल्ली वाच मोठ्याने.
तिने वाचली, शाळेत कविता म्हणतात तशी:

बी मिरीएवढी, अंगावर चामखिळी,
झाडाला मुनवे फुटतात – पाहा दोन.
बी बोराच्या आठळीएवढी, नाभी खोल,
झाड एकटं, एकदाच फळतं आणि मरतं –

इथे ती थांबली. म्हणाली, ही चवेणी.
आमची काकी मुतखड्यावर उगाळून देते.
किल्लीत पुढे लॅटिन नाव होतं.
तेही तिने वाचलं, पण हळू.

नाल्याकाठचं मात्र अडलं.
देठ लांब, टोक बाटलीच्या गळ्यासारखं,
साल तीन धारांची, वाळली की दोनच दिसतात.
बिया चोवीस. काही गोल, काही चपट्या,
काहींना असे कोन, की फाशाने खेळावं.
कोनांवरून जात ठरवतात ना, तिने विचारलं.
मी फळाचा दुसरा काप भिंगाखाली सरकवला.
बघ, जिथे शेजारची बी रेटून बसलीय
तिथेच कोन आलाय.
कडेच्या बिया गोल आहेत.
म्हणजे ही जात नाही, दाटी आहे.
ती बराच वेळ भिंगावर वाकून राहिली.
पंखा वहीची पानं उलटत होता.

मग भिंगावरून डोळा न काढता तिने सांगितलं:
मंगळवारी पडताळणी समितीपुढे होते.
विचारलं, देव कुठला? सांगितला.
लग्नात चौक कोण लिहितं? सांगितलं.
पणजोबांचा शाळेचा दाखला?
पणजोबा शाळेत गेले नव्हते, साहेब.
एका कागदावर धोदडे आहे, एकावर दोधडे,
तर तुम्ही नक्की कोण?
तारीख पुढची दिलीय.

मला काही बोलायला सुचलं नाही.
माझ्या टेबलावर इतकी वर्षं
किती फळं आली, धड न बसणारी,
त्यांना मी पेन्सिलने प्रश्नचिन्ह घालून
खोक्यात ठेवलं, आणि जेवायला गेलो.
फळाला घाई नसते.
तिच्या फीची मुदत एकतीसपर्यंत.

चिठ्ठी तिनेच लिहिली, नव्या बोरूसारख्या अक्षरात:
ठिकाण, उंची, तारीख. जात, अनिश्चित.
संग्राहक, ज. धोदडे.
या रकान्याला पुरावा जोडावा लागत नाही,
मी म्हटलं. ती हसली, अर्धवट.

सव्वापाचला ती गेली.
बिया डबीत भरताना पुन्हा मोजल्या,
सवयच आहे हाताला.
बावीस.
टेबलाखाली पाहिलं, पाहायचं म्हणून.
वहीत चोवीस लिहिलं होतं, तिच्याच अक्षरात.
मी खाली सही केली.