जैतरायाचा निवाडा

केळंब्यात अजून म्हणतात.
दोन भाऊ माडाच्या हद्दीवरून भांडले
आणि पंच बोलले, बघू, शिमगा होऊ दे,
की मागून कुणीतरी पुटपुटतं:
झाला जैतरायाचा निवाडा.

म्हणजे झालाच नाही.

त्याचं खरं नाव भाणू.
पण आधीच्या भाणरायानं बंदर घालवलेलं,
म्हणून गादीवर बसवताना जोश्यांनी नाव पालटलं. जैत.
नाव नवं, पाय जुनाच,
हुर्मुझहून उतरवलेल्या घोड्यानं
भर धक्क्यावर लाथ घालून
गुडघ्यात मोडलेला.

शिक्का धाकट्या भावाकडे, मल्हणाकडे.
जकात मल्हणाकडे, किल्ल्याही.
राजाकडे उरलं हो म्हणणं.
ते तो मनापासून म्हणायचा.
मिठागरातल्या बायांची नावं त्याला पाठ होती,
त्यांच्या घरचं दुखणंखुपणं विचारायचा.
त्यांची गुरं रात्री कोण वळवून नेतं
तेही त्याला ठाऊक होतं.

थोरला मुलगा रायदेव, तापट, उधळ्या.
काका म्हणाला, खाडीपलीकडच्या कोटात ठेवू,
चार दिवस, डोकं निवेस्तोवर.
राजा हो म्हणाला.
अठराव्या दिवशी कोठडी उघडली
तर सुंभाचा दोर अर्धा चावलेला.
दप्तरात नोंद: अतिसार.

उरला लखम. अकरा वर्षांचा.
सुक्या मोरीच्या गाठोड्यांत दडवून
त्याला रात्री गलबतात चढवला.
कुणालाही न विचारता राजानं केलेलं
एवढं एकच काम.
तिसऱ्या दिवशी चाच्यांनी गलबत धरलं.

बातमी आली तेव्हा तो पेज जेवत होता.
ताट सारलं नाही, ओरडला नाही.
हात तसाच राहिला,
बोटांवरची पेज वाळेपर्यंत.

मरताना म्हणाला, वीरगळ नको.
राख उकिरड्यावर टाका,
भोपळ्याचा वेल तरी धरेल.
ऐकलं नाहीच कुणी. कधी ऐकलं होतं?
पाथरवटानं वर चंद्रसूर्य कोरले,
मधे पिंडी, पुढ्यात हात जोडलेला माणूस,
आणि खालच्या चौकात, जिथं लढाई असते,
तिथं छिन्नी थांबली.
तो चौक कोरा आहे.
कोळणी त्यावर कोयत्या घासतात.

मी इथं लाँचची तिकिटं फाडतो,
त्या दगडाला पाठ टेकून.
मुलाला मस्कतला धाडायचं की नाही,
एजंटाचा चारदा फोन आला.
चारदा मी म्हणालो, बघू.
फॉर्म खिशात आहे, घामानं मऊ झालेला.
बायको हल्ली विचारत नाही.

भरती चढली की दगड
गुडघ्यापर्यंत पाण्यात जातो.
मी तेवढा सरकून बसतो.