पोच

दोनशे पानी वही, पुठ्ठ्यावर मोर.
मोराच्या पायाशी मी लिहिलंय : तपासणी. पोरांनी हात लावू नये.

पहिल्या पानावर गांगुर्डे मॅडम.
चौदा जून, अकरा वीस.
तोंडी म्हणाल्या : खिडकीला जाळी हवी.
जाताना तोंडी म्हणाल्या : जाळी नको, गज चालतील.
चहा घेतला. साखर कमी.
साखरेचं का लिहिलं कोण जाणे,
एकदा बसलं की हात थांबत नाही.

आधी मी काहीच लिहीत नव्हते.
सातपूरच्या पहिल्या पाळीला कंपनीची बस सुटायच्या आत
अकरा पोरं माझ्या दारात,
कुणी झोपेत, कुणी एकाच चपलेत,
आया रिक्षात अर्ध्या, अर्ध्या उंबऱ्यावर.
कोण काय म्हणालं ते डोक्यात राहायचं,
कुणाला दूध सोसत नाही ते राहतं तसं.

मग पत्र आलं.
‘वारंवार सूचना देऊनही आपण प्रतिसाद दिलेला नाही.’
वारंवार म्हणजे किती वार? मी बोटं उघडली
आणि तशीच मिटली.
तीनदा गेले होते मी त्या कचेरीत.
साहेब जेवायला. साहेब मीटिंगला. साहेब नाशकात नाहीत.
अर्ज टेबलावर ठेवला, उडू नये म्हणून वर पेपरवेट.
पेपरवेट साक्षीला येत नाही.

वरच्या मजल्यावरचे निकुंभ काका,
पोस्टातून निवृत्त, कानाने कमी,
त्यांनी एकच विचारलं : पोच घेतली का?
दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख.
सही गिचमिड असेल तर खाली नाव.
नाव सांगत नसतील तर शर्टाचा रंग लिही, बाई.

तेव्हापासून वहीत रंग आले.
‘तीन ऑगस्ट. निळा शर्ट. उद्या या.’
‘चार ऑगस्ट. तोच शर्ट. आज का आलात?’
‘नऊ जानेवारी. दिंडोरीहून मामाने द्राक्षं पाठवली होती,
एक घड पुढे केला. साहेब दचकले.
लाच नव्हती. घड होता.’

सुनावणीला मी वही नेली, पिशवीत, डब्याखाली.
कुणी आवाज चढवला नाही.
एकेक पान उलटत गेलं,
एका पानाला खिमट चिकटलेलं, ते नखाने सोडवून दिलं.
परवाना राहिला.

पण आता बोरस्ते मॅडम येतात, नव्या,
आणि माझ्यासमोर शुद्धलेखन घातल्यासारखं बोलतात.
‘शौचालय. स्वच्छ. आढळले. पूर्णविराम.’
मी लिहिते. त्या थांबतात. मी मान वर करते. त्या पुढचं सांगतात.
चहा घेत नाहीत.
गांगुर्डे मॅडम एकदा खाली फरशीवर बसून
एका रडक्या पोराच्या पाठीवर थापटत म्हणाल्या होत्या,
याला पालथं घाल गं, पोटात वायू आहे.
ते मी लिहिलं नव्हतं.
आज कुणी विचारलं तर पुरावा नाही.

सात वाजून गेले. अंबडहून अल्फियाची आई,
ओव्हरटाइम, हाताला ग्रीसचा वास,
तो धुऊनही जात नाही म्हणून ती पोरीला मनगटांनी घेते.
या खांद्यावरून त्या खांद्यावर,
झोप न मोडता.
खाल्लं का हिने?
खाल्लं. अर्धी पोळी, वरण.
पोरीचं तोंड तिच्या गळ्यापाशी टेकतं
आणि उठतं तेव्हा तिथे
एक गोल, ओली खूण.

दिव्याखाली वही उघडते.
सात दहा, की सात बारा?
घड्याळ बघायचं राहिलं.