अर्धं ताट भाजी

मेयोतल्या बाईनं कागदावर गोल काढला,
मधोमध रेघ मारली,
एका अर्ध्याच्या पुन्हा दोन फाका केल्या.
"अर्धं ताट भाजी, काका. पाव ताट डाळ. पाव ताट भाकर."
मी म्हटलं, समजलं.
तीस वर्षं खड्ड्यात पाय सोडून माग चालवला,
पन्ह्याचा हिशेब मला कळतो.
किती धागे उभे, किती आडवे,
काठ कुठे संपतो.

भाकर तेवढी कळत नव्हती.

देवकाची लांब रोटी अख्ख्या टांडापेठेत नावाजलेली.
भिजल्या कणकेचा गोळा तळहातावरून
मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत उतरायचा
आणि उलट्या मडक्यावर पडायचा,
धुतलेला शेला वाळत घालावा तसा.
लग्नाच्या ऑर्डरी, तेरवीच्या ऑर्डरी.
शेवटी उरलेली फाटकी रोटी तुपात बुडवून
वर चिमूटभर साखर भुरभुरून
ती उभ्याउभ्याच खायची.
तिचं जेवण म्हणजे एवढंच,
हे मला रिपोर्ट हातात आल्यावर कळलं,
पासष्टाव्या वर्षी.

आता तिच्या डाव्या पायाची दोन बोटं पट्टीत
आणि शेगडी माझ्याकडे.

पहिली भाकर थापतानाच तडकली.
दुसरी तव्यापर्यंत नेता नेता तिची दोन गावं झाली.
खाटेवरून आवाज आला,
"उकळतं पाणी घाला जी.
थंड्या पाण्याची ज्वारी कोणाचं आयकत नाही."
पंधराव्या दिवशी एक गोल उतरली.
ती मी शेजारच्या निखाऱ्यांना दाखवून आणली,
परत येईपर्यंत गार झाली होती.

बुधवारीतून घोळ आणतो, अंबाडी आणतो,
पावसाळ्यात तरोटा.
कारल्याच्या बिया काढताना बोटं हिरवी होतात.
पातोडीच्या रश्श्यात मसाला तोच, घरचा, कुटलेला,
तेल मात्र चमच्यानं मोजून.
देवका वाटी उजेडात धरते,
तवंग शोधते,
"तर्री कुठं गेली? वरात आहे, वाजंत्री नाही," म्हणते,
आणि जेवते.

सकाळी यंत्र. आकडा कॅलेंडरवर, तिथीच्या खाली.
एकशे शहाऐंशी. एकशे एकाहत्तर.
दोनशे चाळीस.
पुन्हा दोनशे चाळीस.
काहून? घोळीत साखर असते का?
मी बाईचा कागद काढला, गोल मोजला,
चूक माझ्या भाकरीतच शोधली.

मग मुंग्या दिसल्या.
एकेरी ओळ, ताणलेल्या धाग्यासारखी सरळ,
खाटेच्या पायावरून, भिंतीच्या कडेनं,
कांड्यांच्या जुन्या डब्यात.
आत सुताच्या गुंत्याखाली
संत्रा बर्फी, चांदीच्या वर्खातली,
दातानं कुरतडलेली, उंदरानं खावी इतकी थोडी थोडी.

तोंडापर्यंत आलेलं बोलणं
तोंडातच राहिलं,
कारण खाटेवर ती कपड्यांच्या घड्या घालत बसली होती
आणि हातात माझा सदरा होता.
तिनं खिसा उलटा केला,
नखानं खरवडला,
पाकाचा वाळलेला पापुद्रा चादरीवर पडला.
गोळीबार चौकातली जिलबी.
रोज संध्याकाळी "पाय मोकळे करून येतो" म्हणायचो मी.
तीन महिने ती हा खिसा खरवडत होती.

डबा मी होता तिथे ठेवला.

रात्री एकच मोठं ताट घेतलं.
बोटानं रेघ ओढली, भाजी इकडे, भाकर तिकडे.
बराच वेळ कोणी बोललं नाही.
मग ती म्हणाली, "तुमच्याकडची भाकर रेघ सोडून आली."
मी तोडली.

सकाळी तिनं नवी सुई लावली
आणि स्वतःचं नाही, माझं बोट ओढलं.
घट्टा पडलेलं कातडं, धोट्याचं,
एकदा टोचून काही होईना.
दुसऱ्यांदा थेंब आला.

आकडा तिनं वाचला. मला सांगितला नाही.
चष्मा लावला, कॅलेंडर खाली काढलं,
आणि तिथीखालच्या चौकोनात
पेनानं मधोमध रेघ मारली.