मूस

सर्जेरावनाना सेलमहून विट्याला परतले
ते भुवयांशिवाय.
चाळीस वर्षं गलाईच्या धगीत.
नाना, किती राजे वितळवले?
"मोजलं न्हाई.
राणीच्या रुपयात आधी नाक जातंय, मग मुकुट,
आकडा तेवढा शेवटपर्यंत धरून बसतोय."
मोडीतलं डोरलं, देवाचा डोळा, कुणाचा तरी दात
एकाच मुशीत.
तळाशी राहतं त्याला भाव असतो,
नाव नाही.

आता शेगडीत कोंबडी अंडी घालते.
काल नातवानं मोबाईलवर पैसे धाडले, टिंग झालं.
नानांनी फोन उलटासुलटा केला,
फरशीवर हलकेच आपटला, कान लावला,
रुपया पारखावा तसा.
"वाजत न्हाई," म्हणाले.
मग अंगठ्यानं पडदा पुसत,
जसं काही खाली कुणाचा चेहरा असेल,
"चालतोय म्हनत्यात, तर चालंना का."